विहाराच्या दारातील दिव्या

यशपाल यांची ‘दिव्या’ ही हिंदी कादंबरी वाचनवर्गात घ्यावी की नाही, या वादातच आमची पहिली बैठक संपली. वर्षावासात विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. आश्विन पौर्णिमेनंतर तोच वर्ग एखादे अन्य पुस्तक घेऊन चालू ठेवावा, असा आमच्याकडील परिपाठ आहे. एका ज्येष्ठ उपासकांनी हे पुस्तक पूर्वी वाचलेले होते. कडेवर मूल घेऊन आलेल्या स्त्रीला स्थविर दारातून परत पाठवितो असा प्रसंग ज्या पुस्तकात आहे, ते विहारात बसून का वाचावे, हा त्यांचा प्रश्न होता. संघाची निंदा करणारी पुस्तके इतरत्र पुष्कळ वाचली जातात, त्यांत आपण भर का घालावी, असेही ते म्हणाले. त्यांचा आक्षेप रागातून आलेला नव्हता, दुःखातून आलेला होता. आम्ही त्या दिवशी काही बोललो नाही. खरे सांगावयाचे तर, हा प्रसंग विनयपिटकाच्या आधारे सहज खोडून काढता येईल, अशी आमची समजूत होती. पालि शिकविणाऱ्या माणसाला असा अहंकार असतो. पुढील सहा बैठकांत तो बराच उतरला. कसा उतरला, ते येथे नमूद करीत आहोत.

प्रथम कादंबरीविषयी. यशपाल (1903–1976) हे भगतसिंगांच्या क्रांतिकारी संघटनेतील कार्यकर्ते. तुरुंगवास भोगून आल्यावर ते लेखनाकडे वळले. विचाराने ते मार्क्सवादी. ‘दिव्या’ 1945 साली प्रसिद्ध झाली. आपली कृती हा इतिहास नसून इतिहासाच्या पार्श्वभूमीवरील कल्पना आहे, असे त्यांनी प्रास्ताविकातच स्पष्ट केले आहे, आणि हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानले पाहिजे. कथा घडते ती मद्र देशातील सागल नगरीत. हे नाव आमच्या वाचकांस परके नाही. ‘मिलिन्दपञ्ह’ ज्या नगरीच्या वर्णनाने सुरू होतो तीच ही सागल. आज पाकिस्तानात असलेले सियालकोट ते हेच, असे मानले जाते. मिलिंद राजाचे नाव बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयास दिले, त्यामुळे वर्गातील अनेकांना सागल म्हणजे जणू आजोळच वाटले. कादंबरीत मात्र मिलिंदाचा काळ सरला आहे आणि वर्णाभिमानी ब्राह्मण गमावलेली सत्ता परत मिळविण्याच्या खटपटीत आहेत. मगधात पुष्यमित्र शुंगाने जे केले त्याला बाबासाहेबांनी प्रतिक्रांती म्हटले. तिचेच एक प्रांतिक रूप यशपालांनी सागलमध्ये उभे केले आहे.

दिव्या ही सागलच्या धर्मस्थाची, म्हणजे मुख्य न्यायाधीशाची, पणती. मधुपर्वाच्या उत्सवात नृत्यासाठी तिला सर्वोच्च मान मिळतो, आणि शस्त्रकौशल्यात पृथुसेन पहिला येतो. पृथुसेनाचा बाप पूर्वी दास होता, पुढे तो मोठा श्रेष्ठी झाला. दिव्येच्या पालखीला खांदा देण्यासाठी पृथुसेन पुढे होतो तेव्हा ब्राह्मणकुमार रुद्रधीर त्याला जन्मावरून अडवितो. येथे वर्गात एकाने पुस्तक खाली ठेवले आणि आपल्या गावातील एका मिरवणुकीची हकिगत सांगितली. ती येथे देण्याचे कारण नाही. प्रत्येक वाचकापाशी तशी एक हकिगत असेलच. पृथुसेन व दिव्या यांचे प्रेम जमते. तो युद्धावर जातो, विजयी होऊन परततो, आणि बापाच्या सल्ल्याने गणपतीच्या नातीशी विवाह करून सत्तेची पायरी चढतो. गर्भवती दिव्या घर सोडते. दासव्यापारी प्रतूलाच्या हाती ती सापडते आणि ‘दारा’ या नावाने विकली जाते. अखेर मथुरेतील एका ब्राह्मण पुरोहिताच्या घरी ती येते, ती धन्याच्या बाळाला दूध पाजण्यासाठी. तिचा स्वतःचा शाकुल उपाशी राहतो. जे दूध आहे ते विकत घेतलेले आहे, त्यामुळे त्यावर त्याचा हक्क नाही.

या प्रकरणाचे वाचन संथपणे, परिच्छेदामागून परिच्छेद असे झाले. यशपालांची हिंदी संस्कृतप्रचुर आहे. समासांची ओझी घेऊन चालणारी वाक्ये आणि प्राचीन संस्थांची नावे यांमुळे प्रत्येक पानावर दोन-तीन वेळा थांबावे लागले. तरुण मुलांनी तर पहिल्या दोन बैठकांत कंटाळाच केला. परंतु या प्रकरणात भाषेची अडचण कोणालाच जाणवली नाही. वर्गातील एक भगिनी शासकीय रुग्णालयात परिचारिका होत्या. त्या म्हणाल्या, लेखकाने एक गोष्ट अचूक पकडली आहे. आईला स्वतःचे मूल समोर रडताना दिसले की पान्हा फुटतो; धनीण हे जाणते आणि त्याचाही उपयोग करून घेते. इतक्या बारकाईने आम्ही हा भाग पूर्वी वाचलेला नव्हता.

दिव्या तेथून पळते, आणि बुद्धाच्या शरणाचा घोष कानी पडून विहाराच्या दाराशी येते. स्थविर तिला विचारतो, तुझ्यावर ज्यांचा अधिकार आहे त्यांची अनुमती आहे काय? तिच्यापाशी कोणाचीच नाही. दासी असल्यास स्वामीची अनुज्ञा हवी. ती नसताना संघ तिला घेऊ शकत नाही. ती आठवण करून देते की तथागतांनी आम्रपालीला आश्रय दिला होता. वेश्या ही स्वतंत्र स्त्री असते, असे उत्तर तिला मिळते. दिव्या परत फिरते, आणि मुलासह यमुनेत उडी घेते. एक गणिका तिला वाचविते; मूल वाचत नाही.

आता विनय काय म्हणतो? आम्ही नालंदा देवनागरी पालि ग्रंथमालेतील ‘महावग्ग’ घेऊन बसलो. पहिल्याच महास्कंधकात, दासाला प्रव्रज्या देऊ नये, दिल्यास दुक्कट, असा नियम आहे. ऋणकऱ्याविषयी आणि राजसेवेतील योद्ध्याविषयीही तसाच. भिक्खुनींच्या पाचित्तियांपैकी ऐंशीवा नियम मातापिता अथवा ‘सामिक’ यांच्या अनुमतीवाचून स्त्रीला उपसंपदा देण्यास मनाई करतो. उपसंपदेच्या वेळी विचारावयाच्या प्रश्नांत तू स्वतंत्र आहेस ना, ऋणमुक्त आहेस ना, अनुमती मिळाली आहे ना, हे प्रश्न येतात. म्हणजे यशपालांनी काही रचलेले नाही. स्थविराच्या तोंडी जो नियम आहे, तो पिटकातलाच आहे. ज्येष्ठ उपासकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

‘सामिक’ या शब्दापाशी चर्चा अडली. पालित या शब्दाचा अर्थ पती असाही होतो आणि मालक असाही होतो. विभंगात त्याचा अर्थ देताना, जिने ज्याचा परिग्रह स्वीकारला तो, या आशयाची व्याख्या येते. तीत नवरा आणि मालक यांच्यामधील भिंत फार पातळ आहे. आम्ही हा भेद व्युत्पत्तीने समजावून सांगू लागलो तेव्हा मागे बसलेल्या एक वृद्ध आई म्हणाल्या, “अहो सर, आम्ही पण ‘धनी’च म्हणतो की. नवऱ्याला पण धनी, आन् ज्याच्या रानात राबायचं त्याला पण धनी.” आमच्या दहा मिनिटांच्या विवेचनाने जे साधले नसते, ते या एका वाक्याने साधले. दिव्येला दोन्ही अर्थांनी धनी हवा होता. एकही नसताना तिला कोणीही माणूस म्हणून मोजले नाही, आणि एक असताना तिला गुरासारखे मोजले.

येथे थांबलो असतो तर कादंबरी जिंकली आणि पिटक हरले, असे म्हणून वर्ग संपवावा लागला असता. पण विनयपिटक हा केवळ नियमांचा संग्रह नव्हे. प्रत्येक नियमाला त्याची निदानकथा जोडलेली आहे, आणि नियम वाचणारे पुष्कळदा ती कथा वाचत नाहीत. दासाच्या नियमाची कथा अशी: एक दास पळून भिक्खूंमध्ये प्रव्रजित झाला. मालकांनी त्याला ओळखले आणि धरून नेऊ पाहिले. तेव्हा त्यांच्यातीलच काहींनी त्यांना थांबविले. शाक्यपुत्रीय श्रमणांत जो प्रव्रजित झाला त्याला कोणी हात लावू नये, अशी बिंबिसाराची आज्ञा आहे, हे त्यांनी सांगितले. त्यावर लोक कुरकुरले की या श्रमणांना कोणी काही करू शकत नाही, मग ते दासालाही प्रव्रज्या देतात! या लोकापवादानंतर नियम झाला. लक्षात घ्यावयाचे ते हे की, त्या दासाला मालकाच्या स्वाधीन केल्याचे कथेत कोठेही म्हटलेले नाही. नियम पुढील प्रवेशासाठी आहे. जो आत आला, तो आतच राहिला.

हा नियम तथागतांनी का केला, यावर मतभेद झाला. वर्गातील एका तरुणाने रोखठोक विचारले, “म्हणजे भगवंतांनी मालकांपुढे माघार घेतली असे समजायचे का?” आमचे मत असे पडले की, संघ हा राज्याच्या आणि समाजाच्या आधारावर जगणारा होता. दासांचे, ऋणकऱ्यांचे आणि सैनिकांचे आश्रयस्थान म्हणून तो ओळखला गेला असता तर राजा, सावकार आणि मालक या तिघांचाही रोष त्याने ओढवून घेतला असता. ही अडचण खरी होती. पण अडचण खरी होती म्हणून तिची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न सुटत नाही. त्याची किंमत दासांनीच मोजली. हे आम्ही स्पष्ट म्हटले, आणि येथेही लिहून ठेवतो.

मात्र त्याच तथागतांचा आवाज सुत्तपिटकात वेगळा ऐकू येतो. दीघनिकायातील ‘सामञ्ञफल सुत्ता’त अजातशत्रू विचारतो की, श्रामण्याचे या जन्मीच दिसणारे फळ कोणते. भगवंत पहिलाच दाखला देतात तो एका दासाचा. राजाचाच दास, पहाटे राजाच्या आधी उठणारा आणि रात्री सर्वांच्या नंतर निजणारा. राजाही माणूस आणि आपणही माणूस, असा विचार त्याच्या मनात येतो आणि तो केशवपन करून निघून जातो. भगवंत विचारतात, महाराज, त्याला परत बोलावून पुन्हा दास करशील काय? राजा म्हणतो, नाही; उलट मीच उठून त्याला अभिवादन करीन. या प्रसंगात त्या दासाने कोणाची अनुमती घेतल्याचा उल्लेख नाही. भगवंतांनीही तो प्रश्न विचारलेला नाही. यशपालांच्या स्थविराने महावग्ग वाचला होता. दीघनिकाय त्याने मठात ठेवून दिला होता, असे म्हणावे लागते.

आमच्या मते कादंबरीचा खरा प्रतिवाद, आणि तिची खरी पाठराखणही, भिक्खुनी स्कंधकात सापडते. अड्ढकासी या गणिकेची हकिगत चुल्लवग्गात आहे. तिला उपसंपदेसाठी सावत्थीला जावयाचे होते. मार्गात धूर्त लोक टपून बसले आहेत असे तिला कळले. तिने निरोप पाठविला, आणि भगवंतांनी दूताकरवीही उपसंपदा देण्याची अनुज्ञा दिली. विधीनुसार स्त्रीने संघासमोर उपस्थित असले पाहिजे. पण तिला येता येत नव्हते म्हणून विधी बदलला आणि संघच तिच्याकडे गेला. दुसरी हकिगत कुमारकस्सपाच्या मातेची, जातकट्ठकथेत येते. गर्भवती असल्याचे ठाऊक नसताना ती भिक्खुनी झाली. देवदत्ताने लोकापवादाच्या भीतीने तिला हाकलून देण्यास सांगितले. ती भगवंतांकडे गेली. त्यांनी चौकशी उपालीवर सोपविली, उपालीने विशाखेला बोलाविले, आणि गर्भ प्रव्रज्येपूर्वीचा आहे असे ठरून ती निर्दोष सिद्ध झाली. मूल भिक्खुनींच्या निवासात जन्मले. चुल्लवग्गात तर अशाच एका भिक्खुनीला मूल जाणते होईपर्यंत सांभाळण्याची अनुज्ञा आहे, आणि तिने एकटीने राहू नये म्हणून सोबतीस दुसरी भिक्खुनी नेमण्याचीही.

म्हणजे कडेवर मूल असलेली स्त्री संघाला अपरिचित नव्हती. येथे आमच्याच हातून निसटलेली एक गोष्ट परिचारिका भगिनींनी पकडली. भिक्खुनी पाचित्तियाच्या यादीत गर्भवतीला आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला उपसंपदा देऊ नये असे दोन स्वतंत्र नियम आहेत, एकसष्टावा आणि बासष्टावा. आम्ही ते मोठ्याने वाचून पुढे गेलो होतो. त्या म्हणाल्या, “मग स्थविराने हे का नाही विचारले? दिव्या तर पाजणारी बाई आहे. त्याने मालकाची परवानगी विचारली, बाळाची चौकशी केली नाही.” हे निरीक्षण आम्हांस अत्यंत मोलाचे वाटते. आईच्या दुधासाठी जो नियम आहे, त्यात बाळाच्या पोषणाची चिंता निदान शक्य तरी आहे. स्थविराला आठवला तो मालकाच्या हक्काचा नियम. एकाच ग्रंथातून माणसाला काय आठवते, यावरून त्याचा विनय कळतो. यशपालांना पाजणाऱ्या स्त्रीविषयीचा नियम माहीत होता की नव्हता, हे महत्त्वाचे नाही. त्यांच्या स्थविराचे विस्मरण स्वभावाला धरून आले आहे.

कादंबरीत एक मोठी उणीवही आहे, आणि ती दाखविणे भाग आहे. यशपालांच्या मथुरेत भिक्खुनी संघच नाही. स्त्रीच्या प्रव्रज्येचा प्रश्न प्रथम भिक्खुनींकडे जातो; उपसंपदा प्रथम त्या देतात. दिव्येने पुन्ना, अड्ढकासी, विमला, अंबपाली यांच्या वारसदार असलेल्या स्त्रियांसमोर उभे राहावयास हवे होते. तेथेही तिला कदाचित नकारच मिळाला असता. पण तो नकार स्त्रीने स्त्रीला दिलेला असता आणि त्याची कथा वेगळी झाली असती. लेखकाने स्त्रिया वगळल्या आणि संघ म्हणजे केवळ पुरुषांचे दार, असे चित्र उभे केले. येथे एकाने पुन्नेचे उदाहरण देऊन यशपालांना खोटे ठरविण्याचा प्रयत्न केला: अनाथपिंडिकाच्या घरची पाणक्या दासी, जिने गारठ्यात नदीत बुडी मारणाऱ्या ब्राह्मणाला निरुत्तर केले आणि जी पुढे थेरी झाली. पण अट्ठकथा पाहता अनाथपिंडिकाने तिला प्रथम दास्यातून मुक्त केले आणि त्याच्या संमतीनेच तिने प्रव्रज्या घेतली. म्हणजे पुन्नेलाही भला धनी मिळाला होता. दिव्येला तो मिळाला नाही. उदाहरण देणाऱ्यांनी हसून ते मागे घेतले.

आणखी एक भेद वर्गात फार कमी जणांच्या लक्षात आला होता. त्रिशरण घेण्यासाठी कोणाच्याही अनुमतीची अट विनयात नाही. अनुमती लागते ती प्रव्रज्येला आणि उपसंपदेला. उदेन राजाच्या अंतःपुरातील खुज्जुत्तरा दासीच होती, आणि बहुश्रुत उपासिकांत तिला अग्रस्थान मिळाले. स्थविर दिव्येला उपासिका म्हणून शरण देऊ शकत होता. पण त्याच्या लेखी शरण म्हणजे चीवर, आणि चीवर नाही तर काहीच नाही. या ठिकाणी बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नोंदविलेली गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. संघप्रवेशाला विधी होता, धम्मप्रवेशाला स्वतंत्र विधी नव्हता. या उणिवेला त्यांनी गंभीर म्हटले आणि भारतातून धम्माचा ऱ्हास होण्याच्या कारणांत ती गणली. ‘दिव्या’तील दारासमोर उभे राहून हे विधान वाचले की ते केवळ इतिहासाचे निदान राहत नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात जी धम्मदीक्षा झाली, तीत कोणाला त्याच्या धन्याची चिठ्ठी मागितली नव्हती. वर्गातील वृद्ध आई त्या दिवशी नागपुरात होत्या, बापाच्या खांद्यावर. त्यांनी एवढेच सांगितले आणि त्या गप्प बसल्या.

आता वेश्येच्या स्वातंत्र्याविषयी. स्थविराचे हे वाक्य यशपालांच्या टीकाकारांनी आणि चाहत्यांनीही फार उचलून धरले आहे. वर्गातही एका विद्यार्थिनीने त्याला कादंबरीचे सूत्रवाक्य म्हटले. आम्हांस तसे वाटत नाही. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त गणिकेवर राज्याचा अध्यक्ष असतो आणि तिला सुटका हवी असल्यास चोवीस हजार पण निष्क्रय भरावा लागतो. महावग्गात वेसालीची अंबपाली ही नगराच्या वैभवाचे भूषण म्हणून वर्णिली आहे, आणि तिला पाहूनच राजगृहाच्या श्रेष्ठींनी सालवतीला गणिका म्हणून नेमविले. जिची नेमणूक नगर करते, ती कितपत स्वतंत्र? यशपालांना हे कळत होते, कारण पुढे कादंबरीच त्या वाक्याचे खंडन करते. अंशुमाला या नावाने कीर्ती मिळविलेली दिव्या राजनर्तकी मल्लिकेची वारस म्हणून सागलला परतते, तेव्हा ब्राह्मणकन्या वेश्येच्या आसनावर बसू शकत नाही म्हणून वर्णाभिमानी तिला अडवितात. दासी म्हणून विकली गेली तेव्हा तिचा वर्ण कोणाला आठवला नव्हता. ‘स्वतंत्र’ आसनावर बसताना मात्र तो आडवा आला. स्थविराचे वाक्य सूत्र म्हणून नव्हे, खोट्या समजुतीचा पुरावा म्हणून वाचले पाहिजे.

शेवटचा प्रसंग पांथशाळेत घडतो. सत्ता हाती आलेला रुद्रधीर दिव्येला कुलवधूचे पद देऊ करतो. भिक्खू झालेला पृथुसेन तिला धम्माचे शरण देऊ करतो. चार्वाकमताचा मूर्तिकार मारिश म्हणतो की त्याच्यापाशी राज्य नाही, निर्वाणही नाही. आहे ती सुखदुःखाची देवाणघेवाण. दिव्या मारिशकडे जाते. पृथुसेनाला ती विचारते की भिक्खूच्या धर्मात स्त्रीला कोणते स्थान आहे. त्यावर तो सांगतो की स्त्री हा प्रवृत्तीचा मार्ग आहे आणि निर्वाणाच्या मार्गात तिचा त्याग करावयाचा असतो.

येथे लेखकाने, आमच्या मते, अन्याय केला आहे. अर्हत्त्व स्त्रीला साध्य आहे काय, या आनंदाच्या प्रश्नाला भगवंतांनी होकार दिलेला आहे. सोमा थेरीला माराने स्त्रीच्या बुद्धीवरून हिणविले, तेव्हा तिने दिलेले उत्तर थेरीगाथेत आहे: चित्त सुसमाहित असल्यास स्त्रीत्वाने काय बिघडते, असा त्याचा भाव. हे ज्याला ठाऊक नाही असा भिक्खू असू शकतो, पुष्कळ असतील. पण यशपालांनी पृथुसेनाला धम्माचा प्रतिनिधी म्हणून उभे केले आहे, एक व्यक्ती म्हणून नव्हे. बाबासाहेबांनी 1951 साली ‘महाबोधि’ नियतकालिकात हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर जो लेख लिहिला, तो नेमका अशाच आरोपाला उत्तर होता. स्त्रीच्या अवनतीस बुद्ध जबाबदार, हा आक्षेप त्यांनी पिटकांचे आधार तपासून खोडला आणि ती जबाबदारी मनूकडे वळविली. ‘दिव्या’ त्याआधी सहा वर्षे आलेली आहे. दोन्ही एकत्र वाचावयास हरकत नाही, किंबहुना तसेच वाचावे.

परंतु पृथुसेनाविषयीचा एक मुद्दा यशपालांच्या बाजूने उरतो, आणि तो आम्ही ज्येष्ठ उपासकांपासून शिकलो. ज्यांनी पहिल्या दिवशी विरोध केला होता, त्यांनीच पाचव्या बैठकीत तो मांडला. पृथुसेनही पळालेलाच होता. सत्ता उलटल्यावर तो जीव घेऊन संघाच्या आश्रयास आला आणि त्याला आश्रय मिळाला, चीवरही मिळाले. राजसेवेतील योद्ध्याला प्रव्रज्या देऊ नये, हा नियम त्याच स्कंधकात आहे, ज्यात दासाचा नियम आहे. पळालेल्या सेनापतीसाठी नियम आठवला नाही. पळालेल्या दासीसाठी आठवला. “आता मला वाटते, लेखकाने संघाची निंदा केलेली नाही,” ते म्हणाले, “लेखकाने नियम कोणासाठी आठवतो ते दाखविले आहे.” दोन्ही विहार वेगळे, स्थविरही वेगळे, असा बचाव करता येईल. त्यांनी तो केला नाही, आम्हीही केला नाही.

शेवटाबद्दल एकमत झाले नाही. विद्यार्थिनीला मारिशची निवड पटली. परिचारिका भगिनींना पटली नाही. दारात तीन पुरुष उभे करून त्यांतला एक निवडावयास लावणे हे लेखकाच्या कल्पनेचे दारिद्र्य आहे, असे त्यांचे म्हणणे. तेथे मल्लिका होती, रत्नप्रभा होती. दिव्येला खरोखर ज्यांनी वाचविले त्या दोघी स्त्रियाच होत्या. मारिशचे आवाहन प्रामाणिक आहे, पण तेही तिला कोणाच्या तरी आधाराकडे बोलावते. आमचा कल या दुसऱ्या मताकडे आहे.

शेवटच्या बैठकीत आम्ही एकच प्रश्न ठेवला: त्या स्थविराने काय करावयास हवे होते? बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभी भिक्खूविषयी विचारले आहे की, तथागतांना त्याच्यात परिपूर्ण पुरुष अभिप्रेत होता की समाजसेवक. तो प्रश्न पुन्हा वाचून आम्ही उत्तरे मागितली. न्यायालयात कारकुनी केलेल्या एका उपासकांनी क्रम लावला: भिक्खुनींकडे पाठवावे, दानशील उपासकांकडून निष्क्रय जमा करून तिला सोडवावे, तोवर त्रिशरण द्यावे. वृद्ध आईंनी मध्येच विचारले, “आन् तवर त्या लेकराला कुणी काय दिलं का खायाला?” कोणी बोलले नाही. आम्ही घरी येऊन सुत्तविभंग आणि दोन्ही स्कंधक पुन्हा चाळले. दाराशी आलेल्या भुकेल्या मुलाला घोटभर दूध मिळवून देण्यास मनाई करणारा नियम त्यांत आम्हांस आढळला नाही.